फोटो चॅलेंजमध्ये एकमेकांच्या फोटोंवर बोलायचं कसं? नेहमी येणारे प्रश्न

आमचं चॅलेंज एकदम साधं आहे. महिन्याच्या १ तारखेला विषय ठरतो, २५ तारखेपर्यंत फोटो काढायचा आणि शेवटच्या रविवारी सकाळी कुणाच्या तरी खळ्यात नाहीतर पडवीत प्रिंट घेऊन बसायचं. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, देवगड असे कुठून कुठून लोक येतात, एक जण रिक्षा चालवतो, एक बँकेत आहे, दोन कॉलेजातली पोरं आहेत आणि एक रिटायर बाई आहेत त्यांना सगळे काकीच म्हणतात. फोटो काढायला हल्ली कुणाला शिकवावं लागत नाही, निम्मं काम मोबाईलच करतो. पण दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं म्हटलं की एकतर सगळे गोड होतात नाहीतर तिरकस, मधलं काही येतच नाही, मलाही येत नव्हतं. नवीन आलेले तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

नुसतं "छान आहे" म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडत काहीच नाही, पण ज्याचा फोटो आहे त्याच्या हाताला काही लागतही नाही.

माझंच सांगतो. पहिल्याच महिन्यात विषय होता "ओढ". मी पहाटे किनाऱ्यावर जाऊन रापणीचा फोटो काढला. ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी, होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं रांगेने ओढत आणतात. मी दोनेकशे फोटो मारले, त्यातला एक निवडला, त्यात पाठी वाकलेल्या, दोर ताणलेला, मागून कोवळं ऊन, मला तर वाटलं आता काही बघायलाच नको. पडवीत सगळे म्हणाले छान, मस्त, भारी. मग प्रिंट काकींच्या हातात गेला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "माझो डोळो त्या निळ्या कॅनार जाता आणि थयसरच रवता." म्हणजे तिथेच राहतो.

कुठला कॅन? डाव्या कोपऱ्यात वाळूवर एक निळा प्लास्टिकचा कॅन पडलेला होता, अख्ख्या फोटोत निळ्या रंगाची तेवढी एकच गोष्ट. मी तो फोटो आठवडाभर मोबाईलच्या वॉलपेपरला ठेवला होता आणि मला तो कॅन एकदाही दिसला नव्हता. आता मात्र त्या फोटोत मला कॅनच दिसतो, दोर नंतर. बाकी दहा जणांनी काय कौतुक केलं ते आज आठवत नाही, पण त्यानंतर बटण दाबायच्या आधी मी चारी कोपरे बघतो, ही सवय त्या एका वाक्याने लागली.

मग बोलायला सुरुवात कुठून करायची?

काकींनी केली तिथूनच. पहिल्यांदा नजर कुठे गेली, मग कुठे फिरली आणि कुठे अडकली, एवढंच आधी सांगायचं. चांगलं वाईट नंतर. ह्याचा फायदा असा की ह्यात कुणी चूक ठरत नाही, तुमची नजर तुमचीच आहे, तिच्याबद्दल कोण वाद घालणार. आणि फोटो काढणाऱ्याला जे एरवी कधीच कळणार नाही ते नेमकं कळतं, कारण तो स्वतः तिथे होता, त्याला वास, वारा, गोंगाट सगळं आठवतंय आणि ते सगळं फोटोत आलंय असं त्याला वाटत असतं. आपल्याकडे फक्त कागद असतो.

त्यानंतर काय आवडलं ते बोट ठेवून सांगा. "लाईट मस्त" नाही, "त्या म्हाताऱ्याच्या कानामागून जी उजेडाची रेघ आलीय तिच्यामुळे तो मागच्या काळोखातून सुटा झालाय" असं. मग एक गोष्ट, एकच, जी पुढच्या वेळी करून बघता येईल. सात चुका एकदम सांगितल्या तर ऐकणारा तिसऱ्या चुकीला मनाने घरी गेलेला असतो.

मला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, मी काय बोलणार?

तुम्ही तर आधी बोला. आमच्यातल्या एकाने बाजारातल्या मावशींच्या हातांचा क्लोजअप काढला होता, सुरकुत्या, बांगड्या, नखात अडकलेली खवलं, आम्ही सगळे टेक्श्चर टेक्श्चर करत बसलो होतो. तो पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी प्रिंट त्या मावशींनाच दाखवायला घेऊन गेला. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "हात माझोच, पण बांगडे खंय रे?" म्हणजे मासे कुठे आहेत.

फोटोचं नाव "मासेवाली" होतं आणि फ्रेममध्ये मासाच नव्हता. पंधरा जणांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. नंतर तो परत गेला, टोपलीसकट काढला, आणि तो फोटो आता त्या मावशींच्या घरात लावलाय.

टेक्निकल गोष्टी काढायच्या की नाही?

काढायच्या, पण नजर का अडखळली ह्याचं कारण म्हणून. नुसतं "आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा) जास्त झाला" हे म्हणजे जेवायला वाढल्यावर गॅस कुठल्या कंपनीचा ते विचारण्यासारखं आहे. आपल्या किनाऱ्यावर तेच तेच चार-पाच घोळ होतात त्यामुळे ते जरा सविस्तर लिहितो.

एक म्हणजे क्षितिज. डोंगर वाकडा असला तर कुणाला कळत नाही, समुद्र एक-दोन अंश कलला तरी पाणी सांडतंय असं वाटतं. हे सांगायला लाजू नका, सुधारायला अर्धा मिनिट लागतो.

दुसरं, तारकर्लीची वाळू किंवा लाटेचा फेस फोटोत मळकट येतो. ह्यात काढणाऱ्याचा दोष कमी, कॅमेऱ्याचा मीटर असा बनवलाय की समोर काहीही असलं तरी त्याला सगळं मिळून मधल्या राखाडीवर आणायचं असतं, त्यामुळे पांढरं जास्त असलं की तो उजेड कमी करतो आणि काळी होडी फ्रेमभर असली की उलट वाढवतो. म्हणून "फोटो डल आहे" असं न म्हणता "वाळू मला ओल्या सिमेंटसारखी दिसतेय, एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट, घेऊन बघ" असं सांगा. मोबाईलवाल्यांनी स्क्रीनवर टॅप करून बोट वर सरकवलं तरी काम होतं.

तिसरं कातळशिल्पांचं. कुडोपीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आपल्याच मालवण तालुक्यात, कोकणातली जी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यात कुडोपीही आहे, त्यामुळे "कातळ" हा विषय दिला तेव्हा निम्मे लोक तिकडे धावले. आणि निम्म्यांचे फोटो सपाट, जांभा दगड आणि त्यावर काहीतरी अंधुक रेघा. पडवीत कुणीतरी म्हणालं कॅमेरा बदल. अरे कॅमेरा कशाला, ते सगळे दुपारी १२ ला गेले होते. ती चित्रं दगडात कोरलेली आहेत, सूर्य डोक्यावर असला की खोदलेल्या भागात सावलीच पडत नाही, मग दिसणार काय. एक मुलगी सकाळी लवकर गेली होती, ऊन आडवं येत होतं, तिच्या फोटोत प्रत्येक रेघ उठून आली होती, फोन सगळ्यात स्वस्त तिचाच. दोन प्रिंट शेजारी ठेवले तेवढंच झालं, कुणाला काही बोलावं लागलं नाही.

आणि चौथं दशावतार, जत्रेतलं रात्रीचं नाटक. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की सगळ्यांचे रात्रीचे फोटो येतात, आणि पाच-सहा फोटोंत राजाच्या तोंडावर आडवे काळपट पट्टे. एकाला वाटलं मोबाईल गेला, तो दुकानात दाखवून पण आला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, शटर फार जोरात मारलं की ते कमी-जास्त होणं पट्ट्यांसारखं फोटोत उतरतं. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की बहुतेक वेळा जातात. मग हात फिरला तर थोडा हलेल फोटो, हलू दे की, युद्धाचा प्रवेश आहे.

"तू असं काढायला हवं होतंस" असं सांगू का?

शक्यतो नको. तो तुमचा फोटो झाला, त्याचा नाही. आमच्यात एकाने किल्ल्याचा फोटो आणला, सिंधुदुर्गाची तटबंदी आणि वर आकाशात पॅरासेलिंगची लालपिवळी छत्री. तिघांनी सांगितलं ती छत्री काढून टाक, किल्ल्याची शान जाते. मलापण तेच वाटलं होतं. मग त्याला विचारलं की तुला काय दाखवायचं होतं, तर म्हणाला छत्रीच. १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला आणि त्याच्यावरून उडणारा पुण्याचा पर्यटक, त्याला तो विरोध दाखवायचा होता. आता गंमत अशी की तो विरोध फोटोत दिसत नव्हता, छत्री एवढीशी होती की चुकून आल्यासारखी वाटत होती. म्हणजे त्याला सांगायला हवं होतं की छत्री मोठी येऊ दे, आणि आम्ही सांगत होतो काढून टाक, बरोब्बर उलटं. तेव्हापासून सल्ला द्यायच्या आधी "काय दाखवायचं होतं?" हा प्रश्न सक्तीचा केलाय.

क्रॉप सुचवायचा असेल तर?

जुन्या लग्नपत्रिका वाया घालवू नका. जाड पत्रिकेतून दोन मोठे काटकोन कापा, ते प्रिंटवर समोरासमोर ठेवले की हवी तशी चौकट होते, सरकवून बघा, बोलायची गरजच पडत नाही. आमच्याकडचा एक काटकोन सोनेरी आहे आणि त्यावर अजून "आमच्या मामाच्या लग्नाला" एवढं वाचता येतं. फक्त दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता स्वतःच्या मोबाईलवर क्रॉप करून, रंग वाढवून "हे बघ कसा झाला" म्हणून दाखवायचा नाही. कुणी आपल्या पोराचे केस विचारल्याशिवाय कापले तर कसं वाटेल.

फोटो खरोखरच जमलेला नसेल तर खोटं कौतुक करायचं का?

नाही. पण जमलेला नाही असं वाटणाऱ्या फोटोतही माणूस काहीतरी बघून थांबलेला असतो, ते काय होतं हे विचारा. बऱ्याचदा उत्तर फोटोपेक्षा चांगलं असतं. आणि मग "तू जे सांगितलंस ते मला इथे दिसत नाहीये, जवळ गेलास तर दिसेल बहुतेक" एवढं पुरतं.

वयाने मोठ्या माणसांना कसं सांगायचं? आमच्या गुरुजींचा फोटो होता, कुणी तोंडच उघडलं नाही.

हा आपल्याकडचा मोठाच प्रॉब्लेम आहे. ज्यांनी आपल्याला पाढे शिकवले त्यांना "फोकस गेलाय" म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून मग सगळे वा गुरुजी वा गुरुजी करतात आणि घरी जाताना स्कूटरवर खरं बोलतात. आम्ही ह्यावर उपाय असा केला की सगळ्यात लहान माणूस पहिला बोलतो. गुरुजी, काका, अण्णा काय म्हणायचं ते म्हणा, अहोजाहो सोडू नका, पण वाक्य फोटोबद्दल ठेवा. "गुरुजी, तुमचा हात हलला" ह्यापेक्षा "गुरुजी, मला देवळाची दीपमाळ दोन-दोन दिसतेय" हे म्हणायला सोपं जातं आणि अर्थ तोच पोचतो. गुरुजींनी त्यानंतर ट्रायपॉड घेतला, आता सगळ्यांना ट्रायपॉडचं महत्त्व तेच सांगतात, ते एक वेगळंच.

उलट मोठ्यांनीही "आमच्या वेळी रोलमध्ये ३६च फोटो यायचे" हे महिन्यातून एकदाच सांगावं अशी नम्र विनंती.

माझ्या फोटोवर बोलले आणि मला राग आला. काय करू?

येऊ दे राग. निळ्या कॅनच्या वेळी मी दोन दिवस काकींशी नीट बोललो नव्हतो. आमच्यात नियम आहे की आपल्या फोटोवर बोलणं चालू असताना आपण गप्प बसायचं, फक्त वहीत लिहून घ्यायचं. वही हवीच, कारण हाताला काम असलं की तोंड आपोआप बंद राहतं. पूर्ण झालं की एक प्रश्न विचारायची मुभा. वही तीन-चार दिवसांनी उघडा, तोवर पित्त खाली बसलेलं असतं.

पण मी किती त्रास घेऊन काढला ते सांगायला नको?

सांगा, शेवटी. कमरेइतक्या पाण्यात दीड तास उभे होतात, जेलीफिश चावला, सगळं ऐकू, चहा घेताना ऐकू. आधी सांगितलंत तर लोक फोटोला नाही तुमच्या कमरेला मार्क देतात.

चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या, ऐकायचं कुणाचं?

वहीत बघा की चौघं अडखळले कुठे. उपाय वेगवेगळे असतील, एक म्हणेल क्रॉप कर, दुसरा म्हणेल ब्लॅक अँड व्हाईट कर, तिसरा म्हणेल खाली बसून काढ, पण तिघंही जर उजव्या बाजूच्या विजेच्या खांबापाशीच थांबले असतील तर खांबाचं काहीतरी करायला हवं हे नक्की. काय करायचं ते तुम्ही ठरवा. आणि एकट्यालाच काहीतरी खटकलं असेल तर ते सोडूनही द्या, मात्र तो एकटा काकी असतील तर सोडू नका.

भारी कॅमेरावाल्यांसमोर मोबाईलचा फोटो ठेवायला कसंतरी वाटतं.

आपण प्रिंट ६ बाय ८ इंचाचा काढतो. इंचाला ३०० ठिपके धरले तरी १८०० गुणिले २४००, म्हणजे साधारण ४३ लाख पिक्सेल लागतात. तुमच्या मोबाईलमध्ये त्याच्या दुपटी-तिपटीने आहेत. कॅमेरा कुठला हे पडवीत विचारायचंच नाही असं ठरलेलं आहे. फक्त एक, मोबाईलच्या साध्या लेन्सने माणसाच्या फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं आणि मग ज्याचा फोटो त्याला राग. दोन पावलं मागे जाऊन २एक्स झूम वापरा.

एवढा प्रिंटचा खटाटोप कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर?

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून बारीक होतो, मग काकी म्हणतात धुरकट आहे आणि तुम्ही म्हणता माझ्याकडे चांगला दिसतोय. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरं म्हणजे मोबाईलवर माणूस दोन सेकंदात अंगठा दाखवून पुढे जातो, कागद हातात आला की निदान बघावं तरी लागतं. तिसरं कारण आमच्याकडची लाईट. टीव्हीला जोडून दाखवायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा तिसऱ्या फोटोला गेली.

सूर्यास्ताचे फोटो आणायचे की नाही? मागच्या वेळी सगळे हसले.

हसले ते चुकलं. पण आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे प्रत्येकाकडे निदान दीडशे सूर्यास्त आहेत हेही खरं. सूर्यास्तावर बोलताना "अजून एक" असं न म्हणता विचारा की हा इथलाच आहे हे मला कशावरून कळेल? डिसेंबरात सूर्य नैऋत्येच्या बाजूला सरकून बुडतो आणि जूनमध्ये वायव्येच्या, आपल्या इथून दोन्हीत जवळजवळ ५० अंशांचा फरक पडतो. म्हणजे एकाच जागेवरून एका महिन्यात तो किल्ल्यामागे जाईल, दुसऱ्या महिन्यात मोकळ्या पाण्यात. कुठल्या महिन्यात कुठे उभं राहायचं हे सांगणं हाच मोठा फीडबॅक आहे. आणि जाताजाता, एकदा सूर्याकडे पाठ करून बघा, त्या वेळी माणसांच्या तोंडावर जो उजेड असतो त्याचे फोटो आमच्याकडे अगदीच कमी येतात.

फोटो चांगलाय पण काढायची पद्धत चुकीची वाटली, तर बोलायचं का?

इथे गोड बोलायचं नाही, सरळ बोलायचं. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तिथला फोटो एकाने आणला होता, पिल्लाच्या डोळ्यात फ्लॅशचा ठिपका स्पष्ट दिसत होता. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आपला टॉर्च किंवा फ्लॅश त्यांना समुद्रापासून भलतीकडे नेऊ शकतो, आणि कायद्याने तो संरक्षित प्राणी आहे. तो फोटो आम्ही बाजूला ठेवला, कंपोझिशनवर एक शब्द बोललो नाही. त्याला वाईट वाटलं. वाटू दे.

माणसांचंही तेच. कुणी दारू पिऊन पडलेला, कुणी रडणारं, कुणी आंघोळ करणारं, असला फोटो आला की पहिला प्रश्न, त्यांना विचारलं होतंस का?

पहिला-दुसरा नंबर का काढत नाही?

काढून बघितले. तीन महिन्यांत सगळे एकसारखे फोटो आणायला लागले, बंद केले.

पावसात काय करता?

जून आणि जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावर हालचाल कमी, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या, आणि बऱ्याच जणांना वाटतं आता फोटो काय काढायचे. आम्ही त्या दोन महिन्यांत नवीन फोटो मागतच नाही. ज्याने त्याने वही उघडायची, वर्षभरात आपल्याला जे सांगितलं गेलं त्यातली एक गोष्ट निवडायची आणि जुन्याच फोटोवर किंवा जुन्याच जागी जाऊन ती करून बघायची. मी गेल्या वर्षी परत रापणीच्या त्याच किनाऱ्यावर गेलो होतो. रापण अर्थातच नव्हती, नुसता पाऊस, झाकलेली होडी आणि तिच्या खाली बसलेला कुत्रा. चारी कोपरे बघून काढला. काकींनी प्रिंट हातात घेतला, चष्मा वर केला, बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग विचारलं, "कॅन खंय गेलो?"

लेन्स मात्र पावसात डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, बुरशी आली तर तिच्यावर कुणाचा फीडबॅक चालत नाही.